पेटी खाली कशी येईल ते आधी बघ

नागपूर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी अमेरिकेत, आयोवातल्या त्या मक्याच्या शेतातून फुगा सोडायचं नक्की झालं, हे तुझ्या तोंडून ऐकल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. एकतीस वर्षं मी पहाटे हवामानाचे फुगे सोडले. जगभरच्या वेधशाळांची वेळ एकच, आपल्या घड्याळात साडेपाचची. आमचा फुगा वर जायचा तेव्हा तुमच्या शेजारी ओमाहाजवळ आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची आणि तिथलाही फुगा निघालेला असायचा. आता माझी लेक थर्माकोलच्या पेटीत कॅमेरा घालून ३० किलोमीटर वर पाठवणार. ऊर भरून आला गं. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

फुगा भरताना खाली धुतलेली चादर अंथर. अंगठी काढ, सुती हातमोजे घाल. इतक्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक टक्का उरतो. माणसाच्या उंचीचा फुगा ताणत ताणत दुमजली घराएवढा होतो आणि मग नखाचा साधा ओरखडाही त्याला महागात पडतो.

वायू जास्त भरायचा मोह होईल. मला झाला होता. एका हिवाळ्यात घाईघाईत मी भरपूर वायू सोडला. फुगा सुसाट गेला, सगळे खूश झाले, आणि तो १८ किलोमीटरच्या आसपासच फुटला. आधीच फुगलेल्या रबराला पुढे ताणायला जागा कुठली? त्या दिवशीच्या तक्त्यातले वरचे रिकामे रकाने मला अजून दिसतात. म्हणून पेटी, पॅराशूट आणि दोरी यांचं वजन कर, त्यात वर ओढायला हवा तेवढा जोर मिळव आणि तेवढ्या पाण्याची बाटली फुग्याच्या तोंडाला टांग. बाटली वरही जाईना, खालीही बसेना, की सिलिंडर बंद. मिनिटाला ३०० मीटर चढला तरी खूप झालं. पावणेदोन तासांत पोचेल. तोंड दोऱ्याने घट्ट बांध, मग दुमडून पुन्हा बांध.

वर उणे ५०-६० अंश थंडी असते, तेव्हा सेल लिथियमचेच घे, चार्जिंगचे नकोत. सगळी जोडणी एक रात्र फ्रीजरमध्ये चालवून बघ. जीपीएसचंही तपास, काही यंत्रं १८ किलोमीटरच्या वर जागा सांगायचीच थांबतात.

आणि पेटीवर चारही बाजूंनी ठळक अक्षरांत लिही: आत कॅमेरा आहे, धोका नाही, या नंबरवर फोन करा. एकदा काटोलकडचे एक म्हातारे शेतकरी आमची पेटी उपरण्यात गुंडाळून एसटीने घेऊन आले होते. "साहेब, संत्र्याच्या झाडावर अडकलं होतं. पोरायले हात लावू नाही देल्ला," म्हणाले. तारा लोंबत होत्या, घाबरले असणारच, तरी चिठ्ठी वाचून अर्धा दिवस मोडून आले. मी चहा पाजला, दुसरं काय करणार होतो? पेटी कुणाच्या तरी शेतात, अंगणात, छपरावर उतरते, हे त्या दिवशी मला खरं उमगलं.

तिथल्या नियमात एका पेटीला सहा पौंडांपर्यंत सूट आहे हे ठाऊक आहे. तरी जवळच्या विमानतळाला आधी कळव. शुक्रवारी रात्री वाऱ्याचा अंदाज घालून उतरायची जागा पुन्हा काढ. गावावर किंवा मोठ्या रस्त्यावर येत असेल तर रद्द कर. हेलियमचे पैसे बुडाले तर मी पाठवीन, पण रद्द करायला कचरू नकोस.

तुमचे सकाळचे आठ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. मी आणि आई गच्चीवर असू. इथून काही दिसणार नाही, पण घरात बसवणार नाही. फोटो सावकाश पाठव. पेटी सापडली, कुणाला लागलं नाही, एवढा निरोप मात्र लगेच कर.

तुझे,
बाबा