छकुलीला मिकीकडे नेताना

चिपळूण

चि. राणीस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, छकुली मिकीला बघून घाबरेल का गं?" आणि तेवढ्यात ती उठली म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही हे, म्हणून सवडीने लिहितेय. बालवाडीत आयुष्य गेलं माझं, आणि थोरल्याच्या वेळी तुमच्याकडे राहिले तेव्हा तुमच्या कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या बाकांवर बसून मी कितीतरी घरांची बाळं मिकी माउस, मिनी अशा वेशातल्या त्या सोंगांपुढे बघितली आहेत.

घाबरण्याचीच शक्यता जास्त आहे. आणि त्यात तिचं काही वावगं नाही, हे आधी मनात पक्कं ठेव.

चार महिन्यांची असती तर कोणाच्याही कडेवर हसत गेली असती. सहा-आठ महिन्यांपासून मूल माणसं ओळखायला लागतं, आणि ओळखायला लागलं की बुजायला लागतं. तू, जावईबापू, दादा, फोनमधली आजी ही तिची माणसं. बाकी सगळं जग परकं. वर्षाच्या आसपास हे बुजणं चांगलंच जोरात असतं. तुम्ही तिला नेमकं पहिल्या वाढदिवसाला नेताय. म्हणजे घाबरली तर ती मागे पडली असं नाही, उलट वयाप्रमाणे शहाणी होतेय असं समज.

त्यात मिकी हा नुसता परका माणूस नाही, त्याचा चेहरा हलत नाही. मूल आपल्या तोंडाकडे बघून जग वाचत असतं. आपण भुवई उडवली, ओठ हलवले, डोळे मिचकावले की त्याला कळतं समोरचा आपल्याशी बोलतोय. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं, आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळं आधी हसून, हात नाचवून आईला परत बोलवायचा प्रयत्न करायची, नाही जमलं की कासावीस व्हायची. सख्ख्या आईचा चेहरा थांबला तर ही गत. मग ज्याचं हसू सकाळपासून रात्रीपर्यंत एका जागी आहे, डोळे ताटलीएवढे आहेत आणि तोंडून शब्द फुटत नाही, त्याच्यापुढे एक वर्षाच्या जिवाने काय करावं? मिकीसारखी मुखवटा घातलेली मंडळी तिथे बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी चालतं. तुला-मला ते गोड वाटतं, कारण आत माणूस आहे हे आपल्याला ठाऊक आहे. छकुलीला ते ठाऊक नाही. (हे पत्र थोरल्याला वाचून दाखवू नकोस हं. त्याच्या लेखी तिथे खरा मिकी राहतो, आणि ते तसंच राहू दे.)

आता थोरल्याची गोष्ट. तुला आठवत असेल, पण तू तेव्हा गर्दीत, पिशव्यांत आणि बाटल्यांत होतीस. मी नुसती बघत होते. करोनामुळे डिस्नेलँड वर्षभराहून जास्त बंद राहिलं होतं आणि 30 एप्रिल 2021 ला उघडलं. उघडलं तरी सोंगांना कोणाला जवळ घ्यायला मुभा नव्हती. आपण 2022 च्या फेब्रुवारीत गेलो तेव्हाही तसंच होतं. मिकी लांब उभा, मध्ये मोकळी जागा, लोक इकडून हात हलवतायत. मोठी माणसं हिरमुसली होती. आपला थोरला मात्र बाबाच्या खांद्यावरून टक लावून बघत राहिला. कोणी त्याच्यावर चालून येत नव्हतं, कोणी त्याला पुढे ढकलत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने मुठीतला हात उघडला आणि मिकीच्या पांढऱ्या हातमोज्यासारखा हलवला. सुरक्षेसाठी घातलेला नियम होता तो, पण तान्ह्या मुलांना त्याने हवं तेवढं अंतर मिळवून दिलं.

मग 18 एप्रिलपासून गळाभेटी परत सुरू झाल्या. त्यानंतर तुमच्या पासवर आपण पुन्हा गेलो तेव्हाचं मला विसरता येत नाही. रांगेत तासन् तास उभे राहिलेले आईबाप, आणि पुढे नंबर आला की बाळ सरळ मिनीच्या हातात. बाळ धनुष्यासारखं मागे वाकतंय, ओठ निळे पडेपर्यंत रडतंय, आणि मागून आवाज, "इकडे बघ, इकडे बघ, हस!" मिनीच्या आतली ती मुलगी बिचारी एक पाऊल मागे सरकत होती, दोन्ही हात गालांवर ठेवून मान हलवत होती. तिला कळत होतं. माझं मन त्या दिवशी तिच्यापाशीच राहिलं.

आपण थोरल्याला तसं केलं नाही. लांबूनच दाखवत राहिलो, आणि मे महिन्यात, पाय फुटले तेव्हा, तो स्वतःच झोकांड्या खात मिकीच्या कुत्र्याकडे, प्लूटोकडे गेला आणि त्याचा कान धरून उभा राहिला. प्लूटो गुडघ्यांवर बसला आणि तसाच बसून राहिला. कान सोडीपर्यंत हलला नाही. तुझ्याकडे त्याचा फोटोही नाही बहुतेक, कारण आपण सगळेच बघत राहिलो होतो.

छकुलीच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचं आहे: जवळ किती जायचं ते तिला ठरवू दे.

आपल्याकडे शिमग्यात संकासूर येतो, आठवतो ना? काळा वेश, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेचे घुंगरू. तू दोन वर्षांची असताना त्याला बघून आजोबांच्या धोतरात शिरली होतीस. आजोबांनी ना तुला ओढून पुढे काढलं, ना "घाबरतेस काय एवढी" म्हणाले. ते अंगणात संकासुराशी गप्पा मारत उभे राहिले, त्याला नारळ दिला, हसले. तू धोतरातून एक डोळा काढून सगळं बघत होतीस. पुढच्या वर्षी तूच वाडीतल्या पोरांबरोबर त्याच्या मागे पळत होतीस. मुखवट्याला भिणं आणि मग त्याच्या मागे धावणं हे कोकणातल्या पोरांना नवं नाही. फक्त दोन्हींच्या मध्ये वेळ जावा लागतो.

आजोबांनी जे आपसूक केलं त्याचाही अभ्यास झालाय. जोसेफ काम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्यावर काचेखालची जमीन खाली गेल्यासारखी दिसते. पलीकडे आई. पुढे जावं की नाही हे न कळून बाळ आईच्या तोंडाकडे बघतं. जिथे आया हसत होत्या तिथे 19 पैकी 14 बाळं पार गेली. जिथे आयांनी भ्यालेला चेहरा केला तिथे 17 पैकी एकही गेलं नाही. तेव्हा छकुली त्या दिवशी मिकीकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघेल. रांगेत उभं राहून तू वैतागलेली असशील, "आता रडू नको बाई" अशी धास्ती तुझ्या तोंडावर असेल, तर ती तेच वाचेल. तू आधी स्वतः मिकीला हात कर. हातात हात घे, दोन शब्द बोल. तिला तुझ्या कडेवरून, पाठ सुरक्षित ठेवून बघू दे.

आता तिथली व्यवस्था जशी मला आठवते तशी सांगते.

सुरुवात मिकीच्याच घरापासून कर असं म्हणेन. ते घर आहे तो टूनटाऊनचा भाग 2023 च्या मार्चमध्ये नव्याने उघडलाय, आणि तिथे हिरवळ केलीय, मुलांना रांगता यावं म्हणून. आधी छकुलीला तिथे सोड, हातपाय मोकळे होऊ देत. मिकी त्याच्या घरामागच्या खोलीत भेटतो. आत एका वेळी थोडीच माणसं सोडतात, त्यामुळे रस्त्यावरचा गोंगाट, बँड, गर्दीची ढकलाढकली नसते. घाबरी मुलं अशा बंद, शांत जागेत लवकर सावरतात. रस्त्यावर भेटणाऱ्यांपैकी मिकी-मिनी उंचीला बेताचे आहेत, गूफी मात्र ताडमाड. त्याला पहिल्या दिवशी रस्त्याच्या पलीकडून बघितलेलं बरं. स्टार वॉर्सच्या भागात पांढऱ्या चिलखतातले सैनिक फिरत असतात, माणसांना अडवून दरडावतात. थोरल्याला ते हवेत हे मला माहीत आहे. त्याला जावईबापूंनी न्यावं, तू छकुलीला घेऊन दुसरीकडे थांब.

राजकन्या वगैरे ज्यांचा चेहरा उघडा असतो त्या बोलतात, हसतात. काही बाळांना त्या पटकन आवडतात. पण उघडा चेहरा असला तरी माणूस परकंच, हेही ध्यानात असू दे. मोठ्या घेरदार झग्याकडे मात्र मुली डोळे विस्फारून बघतात, ते मी पाहिलंय.

प्रत्येक सोंगाबरोबर पार्कातलं एक माणूस उभं असतं. त्या मुखवट्यातून आतल्याला दिसतं बेताचंच, म्हणून ही सोबत. त्यांना आधीच सांग, "पहिलीच वेळ आहे, लांबून बघणार आहोत." ते खूण करतात आणि मिकी खाली बसतो, हात मागे घेतो, कधी स्वतःचे डोळे झाकून बुवा कुक करतो. ही माणसं अशा बाळांना रोज भेटतात. त्यांच्या कामाची मला फार कदर वाटते. 1955 च्या जुलैमध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा स्वतःचे पोशाखसुद्धा नव्हते, बर्फावर नाच करणाऱ्या एका कंपनीकडून उसने आणले होते. त्या वेळचे फोटो मी बघितलेत, ते चेहरे बघून मोठं माणूसही दचकेल. तिथून आजच्या त्या मऊ, गोल मिकीपर्यंत यायला आणि गुडघ्यावर बसून वाट बघायला ही मंडळी शिकली. आपणही वाट बघायला काय हरकत आहे?

घरी थोडी तयारी करता येईल. कार्टून दाखवू नकोस. दीड वर्षाच्या आत व्हिडिओ कॉल सोडला तर पडदा नको असं तुमच्याकडचे बालरोगतज्ज्ञच सांगतात. त्यापेक्षा कापडी मिनी हातात दे, कान चावू दे. आणि तिच्यासमोर टोपी घाल, चष्मा घाल, टॉवेल डोक्यावर घे आणि काढ. चेहरा बदलला तरी आतली आई तीच, हा खेळ रोज झाला पाहिजे. थोरल्याला सांग, तो तर आनंदाने दिवसभर करेल.

आणि फोटो. सासूबाईंना फोटो हवाय, मावशींना हवाय, तुमच्या ग्रुपवर टाकायचाय, हे सगळं मला समजतं. त्या प्रवेशाचा, दिवसाचा खर्च केलाय म्हटल्यावर जीव त्यात अडकतोच. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीटच लागत नाही. छकुलीचा एक पैसा गेलेला नाही, तेव्हा तिच्याकडून काही वसूल करायचं नाही. फोटो तिच्या पाठीचा येऊ दे, तुझ्या खांद्यात तोंड लपवलेला येऊ दे, मागे लहानसा मिकी असू दे. मला तोच पाठव, मी तोच फ्रेम करून लावीन. सासूबाई काही म्हणाल्या तर मी बोलेन त्यांच्याशी.

रडलीच तर लगेच बाजूला घे. "काही नाही, काही नाही" म्हणू नकोस, तिच्यासाठी काहीतरी आहेच ते. "मोठा आहे ना? बघ, तिकडे उभा आहे, आपण इथे आहोत," असं सांग, आणि हवं तर निघून जा. पुढच्या वेळी परत. तुम्ही दीड तासाच्या अंतरावर राहता, जग काही संपत नाही.

सकाळी उघडतानाच पोहोचा. दुपारी ऊन आणि झोप दोन्ही एकदम येतात आणि मग मिकी काय, आईसुद्धा नकोशी होते. आत शिरल्यावरच्या मेन स्ट्रीट या रस्त्याच्या टोकाला, प्लाझा इन या खानावळीजवळ बाळांसाठी वेगळी जागा आहे. दूध पाजायला आडोसा, कपडे बदलायला टेबलं, बाळांच्या खुर्च्या, अन्न गरम करायची सोय, सगळं आहे. थोरल्याला आपण तिथेच भरवायचो. घरचं खाणं आत नेऊ देतात. काचेच्या बाटल्या नको, पण बाळाच्या खाण्याची लहान बरणी चालते. मी पाठवलेलं नाचणीसत्त्व शिजवून ने, बाहेरचं गोड तिला इतक्यात नको. पार्कातल्याच सिटी हॉलमध्ये पहिल्या भेटीचा बिल्ला फुकट मिळतो, तो मागून घे, पण फ्रॉकला लावू नकोस, टाचणी असते, बाबागाडीला लाव.

बाबांचा गुडघा आता बरा आहे, जिने उतरतात. त्यांनी छकुलीसाठी चांदीचे वाळे करायला टाकलेत, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवू. जावईबापूंना आशीर्वाद, थोरल्याला गोड पापा. कधी जाताय तो दिवस ठरला की कळव, तुमची सकाळ म्हणजे आमची रात्र असते, मी जागी राहीन.

तुझी,
आई