श्रोडिंजरच्या आधी एलईडी

महोदय,

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील आधुनिक भौतिकशास्त्राला (क्वांटम सिद्धांत, सापेक्षतावाद) कात्री लावावी, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. मुले समीकरणे घोकून पेपर देतात ही तक्रार खरी, पण त्यावरचा हा उपाय पटला नाही. पेनड्राइव्हमधील माहिती इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम टनेलिंगमुळेच, म्हणजे ऊर्जा अपुरी असूनही अडथळा पार करण्याच्या त्यांच्या गुणामुळेच, लिहिली-पुसली जाते. आपल्या इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या कणत्वरक यंत्रात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत, म्हणजे त्यांच्या स्थिर ऊर्जेच्या (स्थिर असतानाही केवळ वस्तुमानामुळे असणाऱ्या ऊर्जेच्या) सुमारे ४,९०० पट जाते. सापेक्षतावाद वगळून हे यंत्र समजावणार कसे? (यंत्र शहरात, आणि फळ्यावर मात्र काल्पनिक पेटीतल्या कणाचे पाठ्यपुस्तकी गणित!)

बदलायचा तर शिकवण्याचा क्रम बदलावा. दोन-तीन रंगांचे एलईडी, बॅटरी, पोटेन्शियोमीटर आणि मल्टिमीटर एवढ्यावर प्लांकचा स्थिरांक (प्रकाशाची वारंवारता आणि त्याच्या कणाची ऊर्जा यांना जोडणारा आकडा) ढोबळमानाने काढता येतो. लाल एलईडी १.८ व्होल्टच्या आसपास उजळू लागतो, निळ्याला साधारण २.६ लागतात. असे का, हे मुलांनी विचारले की मग श्रोडिंजरचे समीकरण, म्हणजे क्वांटम सिद्धांताचे मूळ समीकरण, फळ्यावर यावे. परीक्षेतही या प्रयोगाला गुण हवेत, नाहीतर तो जर्नलमध्ये उतरवून काढण्यापुरताच उरेल.

– एक निवृत्त प्राध्यापक, इंदूर