तिवरं कुऱ्हाडीनेच मरतात असं नाही

संपादक महोदय, नमस्कार.

खारफुटी तोडल्याची बातमी पेपरात येते तेव्हा फोटोत हमखास तोडलेले बुंधे असतात. आमच्या उरणकडे बरीच तिवरं, म्हणजे खारफुटीचीच झाडं, कुणी हात न लावताच मेलीत, त्याबद्दल लिहितोय.

होतं काय, रस्त्यासाठी नाहीतर कंपाउंडसाठी भराव टाकतात, खाली पाणी ये-जा करायला मोऱ्या ठेवत नाहीत, ठेवल्या तर दगडमातीने बुजतात आणि भरतीचं पाणी आत यायचं बंद होतं. तिवर जगतं तेच मुळी दिवसातून दोनदा येणाऱ्या त्या पाण्यावर. श्वास घ्यायला त्याची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, पाणी तुटलं की चिखलाला भेगा पडतात, पानं पिवळी होतात आणि मग उरतात नुसत्या काठ्या. उलट पावसाचं पाणी आत तुंबून राहिलं तरी मुळं गुदमरतात, म्हणजे मरण दोन्हीकडून. मग रात्री डेब्रिजचे डंपर येतात. तक्रार केली तर पंचनाम्याला आलेले आम्हालाच सांगतात, झाडं आधीच सुकलेली होती!

कायदा नाही असं नाही. २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खारफुटी तोडायला आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम करायला बंदी घातली, २०१८ च्या निकालात तर खारफुटी नष्ट करणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असं स्पष्ट म्हटलं. पण पाणी अडवणं म्हणजेही झाड मारणं, हे जागेवर कोण बघणार?

माझी आई ओहोटीला खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं आणायची, त्यावर घर चालायचं. कोळंबीची, बोय माशाची पिल्लं याच मुळांत वाढतात, तिवरं गेली की जाळ्यात चिखलच येतो.

बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये कोर्टाने जवळपास २२ हजार खारफुटी तोडायला परवानगी दिली, बदल्यात पाचपट लावायचं ठरलं. पण खारफुटीचं रोप कुठेही खोचलं म्हणून जगत नाही हो, चिखलाची उंची आणि भरती दोन्ही जमावं लागतं. दुसरीकडे पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीत, बांध फुटून भातशेतीत खारफुटी घुसलीय, त्या शेतकऱ्यांचं दुःखही खरं आहे. तिथे वाढली म्हणून इथली मेलेली भरून निघाली असा हिशोब कुणी मांडू नये, दोन्हीकडे माणसंच भरडतायत.

आमची मागणी साधी आहे. भरावाखालच्या मोऱ्या मोकळ्या करा, जिथे तिवरं सुकलीत तिथे रोपं लावण्याआधी पाणी आत सोडा, पाणी आलं की भरतीबरोबर बी आपोआप वाहत येतं आणि चिखलात रुजतं.

तुमचा प्रतिनिधी पाठवणार असाल तर अमावास्येच्या उधाणाला पाठवा, पाणी कुठवर येऊन अडतं ते डोळ्यांनी दिसेल. मी सोबत येईन.

– एक वाचक, उरण