नामदार गोखल्यांचे कौन्सिलातले काम वाचणार कोण?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नामदार गोखल्यांवरचा लेख वाचला. राग शांत होईल म्हणून एक दिवस थांबलो. तो झाला नाही, म्हणून लिहीत आहे.

लेखकाची भाषा चांगली आहे. टिळकांशी झालेला वाद, सुरतेची फाटाफूट, गांधीजींचे गुरू हे सगळे यथासांग आले आहे. पण १९०२ पासून १९१५ मध्ये डोळे मिटेपर्यंत हा माणूस इंग्रज सरकारच्या ज्या वरिष्ठ कायदेमंडळात, म्हणजे कौन्सिलात, खपला, त्या कामाची बोळवण एका वाक्यात केली आहे: भाषणे पुष्कळ झाली, हाती काही लागले नाही. अर्ध्या पानाच्या लेखात त्या सभागृहातला एकही ठराव नाही, एकही आकडा नाही. गोखल्यांची कौन्सिलातली भाषणे छापलेली आहेत, कोणत्याही जुन्या ग्रंथालयात मिळतात. ती न उघडता त्यांच्या कारकिर्दीचा निकाल लावला गेला, याचे मला वाईट वाटले.

हाती काय लागले ते मिठापासून पाहू. १९०२ साली मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. त्या वर्षी २६ मार्चला गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचे अंदाजपत्रक मांडून देशाच्या भरभराटीचा दाखला देत होते. गोखल्यांनी त्या शिलकीची फोड करून दाखवली. रुपयाचा भाव तेरा इंग्रजी पेन्सांच्या आसपास घसरला होता, तेव्हा तूट भरून काढायला चढवलेले कर रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावल्यावरही तसेच वसूल होत होते. शिल्लक उरत होती ती त्यामुळे. लोक सुखी झाले म्हणून नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त पैसा त्यांच्याकडून काढला जात होता म्हणून, आणि तोही दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या लोकांकडून. दुसऱ्याच वर्षी मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ मध्ये पाचशेवरून हजारावर गेली. हे एकट्या गोखल्यांनी केले असे मी म्हणणार नाही. काँग्रेस वर्षानुवर्षे तेच मागत होती. पण व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनसमोर उभे राहून सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडणारा माणूस कोण होता, हे लेखात यायला नको होते का?

आणि त्या वेळच्या कौन्सिलात सभासदाला अधिकार काय होते? १८९२ च्या कायद्याखाली अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. ठराव मांडायचा हक्क आला तो १९०९ च्या सुधारणांनंतर, आणि तेव्हाही वरिष्ठ मंडळात सरकारी सभासदांचेच बहुमत राखलेले होते. म्हणजे उभे राहण्याआधीच मतदानाचा निकाल ठाऊक. अशा ठिकाणी बारा-तेरा वर्षे दर अधिवेशनाला अभ्यास करून जायचे आणि सरकारला प्रत्येक आकड्याचे उत्तर द्यायला लावायचे, या कामाला हाती काही न लागणे म्हणतात? या अभ्यासात त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत होती. सरकारी शाळांत हेडमास्तरकी करून हा गृहस्थ सरकारी अहवालांतले आकडे काढत बसे. आम्हा शिक्षकांना त्यांचा अभिमान आहे. त्यांचेही नाव लेखात नाही.

गोखल्यांचे सगळेच मला पटते असे नाही. वर्तमानपत्रांकडून जामीन मागणाऱ्या १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टला त्यांनी ठाम विरोध करायला हवा होता. तो त्यांनी केला नाही, आणि माझ्या मते त्यांच्या कौन्सिलातल्या कारकिर्दीतली ही सर्वांत दुबळी जागा. पुढे कित्येक वर्षे देशी पत्रांचे जामीन त्या कायद्याखाली जप्त झाले. लेखकाने यावर टीका केली असती तर मी मान डोलावली असती. त्याऐवजी १८९७ च्या माफीवर दोन परिच्छेद खर्च केले आहेत. प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांवरचे आरोप गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे विलायतेत जाहीर केले. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे आले नाही, तेव्हा त्यांनी ते शब्द मागे घेतले आणि माफी मागितली. त्याबद्दल पुण्याने त्यांना आयुष्यभर टोमणे मारले आणि आपल्या पुरवणीने परवा त्यात भर घातली. पण त्यानंतर दोनच वर्षांनी तेच गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले, आणि १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहतांनी सभात्याग केला तेव्हा तेही उठून बाहेर पडले, हे मात्र सोयीस्करपणे गळले आहे. शेतकऱ्याच्या जमिनीवरचा हक्क आक्रसणारे ते विधेयक होते.

नाताळ प्रांतातल्या मजुरांचेही तेच, लेखात उल्लेख नाही. करार करून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये मजूर पाठवणे बंद करावे, हा गोखल्यांचा ठराव २५ फेब्रुवारी १९१० चा. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळसाठी मजूरभरती थांबली. ही गिरमिटाची पद्धतच सर्वत्र मोडून काढा, असा पुढचा ठराव त्यांनी १९१२ मध्ये आणला. तो फेटाळला गेला. पण पाच वर्षांत सरकारला ती भरती थांबवावीच लागली.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख मला इतका झोंबला, ती सांगतो. मी इतिहासाचा शिक्षक होतो. नोकरीच्या शेवटच्या काळात आमच्या शाळेतल्या नववीतल्या एका मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक हा विषय घेतला. स्पर्धा कोणाची ते सांगत नाही. विषय तिने स्वतः निवडला होता. विधेयकातली कलमे तिने मराठीत मांडून घेतली: सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचे शिक्षण, ही सक्ती देशभर एकदम नाही, तर जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तिच्या हद्दीत, आणि तेही तिथली ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील तर, महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ, खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेचा, दोन हिस्से सरकारचे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते, तेही तिने शोधले. गोखलेही बडोद्याचाच दाखला देत होते. जे एका संस्थानाला जमते ते इंग्रज सरकारला का जमत नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि मग त्या मुलीने एक गोष्ट हेरली. सक्ती आधी मुलांना, मुलींना पुढे सवडीने. तिने भाषणात गोखल्यांना सरळ विचारले, की आमची पाळी नंतर का? उत्तरही तिनेच दिले, की एवढेसे मागितले तरी सभागृहाने नाकारले, मुलींचे मागितले असते तर विधेयक मांडूच दिले नसते, पण म्हणून माझा प्रश्न मी मागे घेणार नाही. चौदा वर्षांची मुलगी एका लोकप्रतिनिधीच्या कामाची अशी परखड तपासणी करते, याचा मला आजही आनंद वाटतो.

परीक्षकांनी निकालाच्या वेळी माईक हातात घेऊन सांगितले, "बाळ, बोललीस छान, पण हरलेल्या विधेयकावर कोणी भाषण करतं का? प्रेरणादायी विषय घ्यावा." सभागृह हसले. मुलगी खाली मान घालून बसली. मी उठून बोलायला लागलो तर वेळ संपली म्हणून मला थांबवण्यात आले. दुसऱ्या वर्षी तिने स्पर्धेत नाव दिले नाही.

ते विधेयक हरले ते कसे, हे त्या परीक्षकांना आणि आपल्या लेखकालाही माहीत असावे असे मला वाटते. १९ मार्च १९१२. मागणी फक्त एवढी होती, की विधेयक प्रवर समितीकडे विचारासाठी पाठवा. ३८ विरुद्ध १३ मतांनी तीही नाकारली गेली. विरोधात सरकारी सभासद तर होतेच, सोबत जमीनदार मंडळीही होती. गरिबाचे पोर शाळेत गेले तर शेतावर राबायला कोण, ही भीती होती. गोखल्यांनी आधीच सांगून टाकले होते, की हे विधेयक आज फेटाळले जाणार हे मला ठाऊक आहे, मी तक्रार करत नाही, आमच्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांतूनच करायची आहे. सहा वर्षांनी विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा मंजूर करून घेतला, तो याच वाटेने. ज्या शिक्षणहक्काखाली आज आपली मुले शाळेत बसतात, तो अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडले. त्या मुलीने हे सगळे सात मिनिटांत सांगितले होते. तेच परीक्षकांचे वाक्य परवा आपल्या पुरवणीत थोड्या निराळ्या शब्दांत छापून आलेले पाहिले आणि मला चहा गोड लागला नाही.

ओघात आणखी एक सांगायचे राहून जायला नको. आपल्या पत्रात पूर्वी विधिमंडळाचे कामकाज सविस्तर येत असे. कोणत्या आमदाराने कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिले, विधेयकावर कोणी कोणती दुरुस्ती सुचवली, हे कळे. आता नागपूरचे अधिवेशन असो की मुंबईचे, पायऱ्यांवरच्या घोषणा, फलक आणि एकमेकांवरची चिखलफेक यांचीच छायाचित्रे असतात. आवाज न चढवता, कलमे वाचून बोलणारे आमदार दोन्ही बाजूंना आजही आहेत. आमच्या मतदारसंघातले एक माजी आमदार दर अंदाजपत्रकाला जलसंधारणाच्या खर्चावर तयारीने बोलत. आपल्या पत्रात त्यांच्या भाषणाची ओळसुद्धा आलेली मला आठवत नाही. ज्या दिवशी त्यांनी ध्वनिक्षेपकापुढून हलायला नकार दिला, त्या दिवशी मात्र पहिल्या पानावर फोटो आला. निवडणुकीत लोक विचारतात, यांनी काय केले? लोकांना कळणार कुठून? कामकाजाला रोज अर्धा स्तंभ तरी द्यावा, ही विनंती आहे.

लेखकांवर माझा वैयक्तिक राग नाही. त्यांनी गोखल्यांच्या कौन्सिलातल्या कामावर दुसरा लेख लिहावा. जुनी भाषणे हवी असतील तर माझ्याकडची प्रत मी आनंदाने देईन, परत करण्याच्या बोलीवर.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर माझी स्पर्धेची हकीकत कापावी. मिठाच्या कराचे आकडे, नाताळचा ठराव आणि ३८ विरुद्ध १३ हे तेवढे ठेवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे