फिल्म सोसायटीच्या सरांना, मनापासून

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. समलिंगी माणसांवरचे चित्रपट दाखवायचं तुम्ही ठरवलंत, तेव्हा आपल्यातल्याच काहींनी नाकं मुरडली. तुम्ही मागे हटला नाहीत, आणि त्याचा आधार माझ्या घराला झाला. म्हणून आभारही चारचौघांतच मानते.

माझा धाकटा मुलगा गे आहे. त्यानं मला सांगितलं, तेव्हा डोळ्यांपुढे आली ती सिनेमातलीच माणसं. मुरडत चालणारी, हिरोच्या अंगचटीला येणारी, दिसली की थिएटर हसणारच अशी. २००३ च्या 'कल हो ना हो'मध्ये तर तसं कुणी नाहीच. दोन मित्र जवळ दिसले की घरकाम करणारी कांताबेन हादरते, विनोद तेवढाच. माझ्या शांत, अभ्यासू पोराशी यातलं काहीच जुळेना.

तुम्ही प्रत्येक चित्रपट संपला की दिवे लावून एकच विचारायचात, "या माणसाला पडद्यावर काय काय करायला मिळालं?"

'उंबरठा'मधल्या (१९८२) आश्रमातल्या त्या दोघींना फारसं काही मिळत नाही. त्यांचं प्रेम येतं ते संस्थेपुढची अडचण म्हणून. 'माय ब्रदर निखिल'मध्ये (२००५) मात्र निखिल आधी पोहण्यातला चॅम्पियन असतो, बहिणीचा लाडका भाऊ असतो, आणि आजारपणात त्याचा नायजेल त्याला सोडून जात नाही. निखिलसारखाच एचआयव्ही झाला म्हणून गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा यांना खरोखरच डांबून ठेवलं होतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

पण 'अलीगढ'नं मला हलवलं. प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस आपले, मराठीचे प्राध्यापक, मराठी कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या या माणसाच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये लोक कॅमेरा घेऊन घुसले, आणि निलंबन झालं ते सिरस सरांचं! एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला आणि आठवड्याभरातच ते घरात मृतावस्थेत सापडले. हे सगळं भयंकर आहेच. तरी माझ्या मनात राहिलाय तो सिरसांच्या भूमिकेतला मनोज वाजपेयी, हातात ग्लास घेऊन, लताबाईंच्या गाण्यात बुडून एकटाच बसलेला. कॅमेरा त्याच्यासमोरून हलत नाही. वय झालेल्या, एकट्या गे माणसाला आपल्या सिनेमानं इतका निवांत वेळ क्वचितच दिलाय. पुढे कोर्टात त्याच्यावरच वाद चाललेला असतो आणि त्याला डुलकी लागते. त्या दिवशी तुमचा प्रश्न आला तेव्हा मी पहिल्यांदा हात वर केला.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'साबर बोंडं' लागला, तेव्हा थिएटरमध्येच जाऊन बघा, असं तुम्ही बजावलंत. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात २०२५ चं, जागतिक कथाचित्रपट विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला रोहन कानवडे यांचा हा मराठी चित्रपट मी मुलाबरोबरच पाहिला. वडील गेलेत, आनंद गावी दहा दिवसांचं सुतक पाळतोय, नातेवाइकांना त्याच्या लग्नाची घाई झालीय, आणि शेतावरचा बाल्या त्याचा होत चाललाय. आणि सर, यात आईला काहीतरी करायला मिळालंय! ती ऊर बडवत नाही. तिला सगळं ठाऊक आहे आणि ती पोराच्या बाजूनं उभी आहे. अशी आई मला पडद्यावर हवी होती. मला तिच्याकडे बघून शिकायचं होतं.

परतताना मी मुलाला विचारत राहिले. तू ज्याच्याबरोबर राहतोस तो कामावरून किती वाजता येतो, स्वयंपाक कोण करतं, भांडता का, त्याच्या आईला माहीत आहे का. तो सांगत राहिला. आमच्यात इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. दिवाळीत जाऊबाईंनी नेहमीसारखं "याचं कधी?" विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं, "त्याचं माणूस त्याला मिळालंय, सुखात आहे तो." त्या गप्प झाल्या, पण उठून गेल्या नाहीत.

आता 'साबर बोंडं' सोसायटीतही दाखवा. दोन जागा जास्तीच्या ठेवा. जाऊबाईंना आणि भाऊजींना मी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
सोसायटीची एक सभासद