तलावपाळीवर आईचं मनगट धरणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. परवा पहाटे आम्ही तुम्ही आखून दिलेल्या सहलीला निघतोय, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गॅलापागोस बेटांवर. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्यात, आईची औषधं तीन पिशव्यांत भरून झालीत आणि मी हे लिहायला बसलेय. नवरा म्हणतो, परत आल्यावर लिही. पण ज्याचे आभार मानायचेत ते इथेच, ठाण्यातच घडून गेलंय.

आई ७१ वर्षांची. शाळेत विज्ञान शिकवायची. १८३५ साली डार्विन गॅलापागोस बेटांवर पाच आठवडे फिरला, हे सांगून फिंच पक्ष्यांच्या चोचींची चित्रं तिने किती वर्गांच्या फळ्यावर काढली असतील, देव जाणे.

तुमच्याआधी आम्ही एका ट्रॅव्हल कंपनीच्या गारेगार ऑफिसात गेलो होतो. जहाज म्हटल्यावर तिथल्या साहेबांनी कॅसिनो आणि बुफेचे फोटो उघडले. लहान बोट हवी, प्राणी-पक्षी बघायचेत, असं दोनदा सांगितल्यावर सप्टेंबरची 'ऑफर' काढली. मग आईकडे न बघता मला म्हणाले, "आजींना कशाला एवढी दगदग? त्यांना अष्टविनायक करवा की!" आई शेजारीच बसलेली. (अष्टविनायक तिचे चारदा झालेत, तो भाग वेगळा.) घरी आल्यावर तिने नकाशांचं पुस्तक माळ्यावर टाकायला सांगितलं.

तुम्ही पहिल्याच भेटीत खुर्ची तिच्याकडे वळवलीत. "बाई, तुम्हाला काय बघायचंय?"

"अल्बाट्रॉस." आईने श्वासही घेतला नाही.

मग तुम्ही समजावत गेलात. गॅलापागोसचे अल्बाट्रॉस, म्हणजे ते मोठे समुद्रपक्षी, जवळजवळ सगळेच एकट्या एस्पान्योला बेटावर घरटी करतात, एप्रिलच्या सुमारास येतात आणि वर्ष संपता संपता जातात. म्हणजे लेकीची मे महिन्याची सुट्टी नेमकी बसते, शिवाय तेव्हा समुद्रही बराच शांत. सप्टेंबरात तोच समुद्र खवळलेला असतो. हे त्या ऑफरवाल्यांना ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं? सोळा जणांची बोट, खोली खालच्या मजल्यावर आणि मधोमध, कारण तिथे हेलकावे कमी. आणि गोड बोलून काही लपवलंही नाहीत. "पक्ष्यांकडे जाणारी वाट दगडधोंड्यांची आहे, बाई. आणि गाइडला सोडून एकट्याने मागे फिरता येत नाही. गुडघा काय म्हणतो ते इथेच बघू." तेव्हापासून आई रोज सकाळी येऊरला चालायला जाते.

पण मला भरून येतं ते तलावपाळी आठवून.

मोठ्या बोटीतून रबरी होडीत उतरायचं, होडीतून कधी खडकावर तर कधी थेट गुडघाभर पाण्यात, आणि हे रोज दोन-तीनदा. आईने याची धास्ती घेतली होती. मला बोलली नाही, तुम्हाला बोलली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही आम्हाला मासुंदा तलावावर बोलावलंत आणि होडीवाल्या काकांना म्हणालात, "फिरवू नका, नुसतं चढू-उतरू द्या." मग आईला, "हात नाही धरायचा, बाई, मनगट. तुम्ही माझं धरा, मी तुमचं धरते. एकीची पकड सुटली तरी दुसरीची राहते." आधी होडीच्या काठावर पाय, मग थांबायचं, मग आत. तळ्यात लाटा कुठून आणायच्या? काकांचा मुलगा पायाने होडी हलवत बसला. आई अकरा वेळा चढली-उतरली. तिसऱ्यांदा किंचाळली, सातव्यांदा चक्क हसली. कोपिनेश्वराला आलेली माणसं कठड्याला टेकून बघत होती. तुमच्या सलवारीला शेवाळ लागलं, आणि चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत.

हे बिलात कुठे लावायचं? "मला माहीत नाही, विचारून सांगते," असं तुम्ही तीनदा म्हणालात आणि तिन्ही वेळा खरंच विचारून सांगितलंत. एवढं साधं वागणंही आता नवलाचं वाटतं. रिक्षावाल्याने न मागता सुट्टे परत दिले, बँकेतल्या मुलीने उठून एखाद्या म्हातारीला खुर्ची दिली, तरी माझा आठवडा बरा जातो. बाकी सगळे घाईत. मीही त्यातलीच, एका घरात राहून आईची धास्ती मला दिसली नाही.

काल आमची लिफ्ट बंद होती. जिना चढताना लेकीने आजीसमोर हात धरला. आई पायरीवर थांबली आणि वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "हात नाही. मनगट."

तुमच्या बाईंची लेक,
चरई, ठाणे