बाळंतिणीची प्रत्येक गाठ दुधाची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह होतो आणि ऑक्टोबरमध्ये स्तनांच्या कर्करोगाविषयी जनजागृती होते. पहिल्या कार्यक्रमात बोलणे बाळाच्या वजनाचे असते, तर दुसऱ्यात चाळिशी उलटलेल्या स्त्रियांचे. पदरात तान्हे मूल असताना किंवा पोटात असताना जिला हा आजार होतो, तिच्याविषयी या दोन्ही ठिकाणी मी आजवर एक शब्दही ऐकलेला नाही. माझ्या भाचीच्या निमित्ताने हा विषय आमच्या घरात आला, म्हणून हे पत्र.

भाची 28 वर्षांची, राहायला सोलापूर शहराच्या पूर्व भागात. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी तिच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी, त्यांत मीही होते, "दूध साचलंय गं, शेक घे, उतरेल चार दिवसांत" असेच सांगितले. गरम पाण्याचा शेक झाला, हळदीचा लेप झाला. त्या बाजूला घेतले की बाळ मान फिरवून रडायचे, त्याचाही अर्थ आम्ही 'एकाच बाजूची सवय लागली' असा लावला. जवळच्या एका दवाखान्यात गळू समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले गेले. गाठ दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, या समजुतीवर पाच महिने निघून गेले. अखेर सोनोग्राफी आणि बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) होऊन कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा काखेतही गाठी झालेल्या होत्या.

गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतरच्या वर्षभरात निदान होणारा हा कर्करोग विरळा आहे. साधारण 3000 गरोदर स्त्रियांमागे एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या छातीतील बहुतेक गाठी खरोखरच साचलेल्या दुधाच्या, गळवाच्या किंवा अन्य साध्या असतात, आणि नेमके त्यामुळेच घरचे आणि डॉक्टर दोघेही गाफील राहतात. पाजून झाल्यावर, स्तन हलका झालेला असताना चाचपून पाहिले आणि गाठ तशीच लागली, व दोन आठवड्यांत ती गेली नाही, तर सोनोग्राफी करून घ्यावी, एवढे जरी आम्हाला कोणी सांगितले असते तरी पुरे होते. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, तिने ना गर्भाला अपाय होतो ना दुधाला. गाठीचा तुकडा काढून तपासणे गरोदरपणातही सुरक्षित आहे, कारण त्यासाठी तेवढीच जागा बधिर करावी लागते. 'गाठीला सुई लावली की ती पसरते' हा समज आमच्याकडे फार पक्का आहे आणि त्याने बरेच दिवस वाया घालवले. बाई गरोदर आहे किंवा पाजते आहे, हे मात्र तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून कळवावे लागते, कारण त्या काळात स्तनातील पेशी एरवीपेक्षा वेगळ्या दिसतात.

दुसरी भीती अधिक खोलवरची आहे. दिवस गेलेले असताना हे निदान झाले, तर आई वाचवायची की मूल, असा प्रश्न येणारच असे धरून कित्येक घरांत तपासणीच टाळली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. केवळ गर्भपात केल्याने आईचे आयुष्य वाढते असे आढळलेले नाही. शस्त्रक्रिया गरोदरपणात करता येते. बाळाचे अवयव घडत असतात त्या पहिल्या तीन महिन्यांत केमोथेरपी टाळतात, त्यानंतर ती देता येते, आणि प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी थांबवतात. रेडिएशन आणि टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकांचा परिणाम रोखणारी औषधे बाळंतपणानंतरच. आईच्या पोटात असताना आईचा कर्करोग आणि त्यावरचे उपचार यांना सामोऱ्या गेलेल्या 129 मुलांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या मुलांची बौद्धिक वाढ आणि हृदयाचे काम इतर मुलांसारखेच आढळले. केमोथेरपी चालू असताना अंगावर पाजता येत नाही, हे मात्र खरे. दूध तोडावे लागले तेव्हा माझी भाची जितकी रडली, तितकी ती निदान कळले त्या दिवशीही रडली नव्हती.

शासनाची कर्करोग तपासणी तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी आहे. आपल्याकडे बाळंतपणे बहुधा विशीत होतात, त्यामुळे या मुली त्या जाळ्यात येतच नाहीत. पण दुसरे जाळे तयार आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येतात, बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीसाठी आई स्वतः केंद्रावर येते आणि लस दिल्यावर अर्धा तास तिथे थांबते. या भेटींत तिला एकच प्रश्न विचारावा: "छातीत कुठे गाठ लागते का, आणि पाजल्यावर ती जाते का?" आशाताईंवर कामाचा भार आधीच जास्त आहे, हे मान्य आहे, आणि वाढीव कामाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. पण घरोघरी जाऊन बोलल्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाते, आणि गावोगावच्या जागृतीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर ओळखला जाऊ लागल्याचे तिथल्या कामातून दिसले आहे.

महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या आरोग्य विभागांना माझी विनंती आहे की, येत्या स्तनपान सप्ताहाच्या पत्रकात हा प्रश्न आणि दोन आठवड्यांची मुदत ठळक छापावी. पत्रक मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावे. पूर्व भागातील विडी वळणाऱ्या बायकांना दवाखान्यासाठी एक दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून गाठ सापडलेल्या आईला सोनोग्राफीची तारीख लसीकरण केंद्रावरच, चिठ्ठीवर लिहून मिळावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर